लग्नाची याद

पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरांवर वसलेले भिगवण महसुली दप्तरात इंदापूर तालुक्याचे असले, तरी लग्नव्यवहारात ते कोणत्याही एका तालुक्याचे राहिलेले नाही. एका अंगास बारामती, दुसऱ्या अंगास दौंड, उजनीच्या फुगवट्यापलीकडे करमाळा आणि कर्जत, दारात रेल्वेचे स्थानक आणि गावाला लागून गेलेला महामार्ग, अशा या स्थानामुळे पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तिन्ही जिल्ह्यांतील सोयरिकी येथे एकमेकींना भेटतात; आणि कार्यालय मुलीच्या गावी धरावे की मुलाच्या, हा बैठकीतला पहिला पेच जेव्हा सुटत नाही, तेव्हा दोन्हीकडच्या कर्त्या माणसांचे बहुधा भिगवणावर एकमत होते.

या परिसरातील नात्यागोत्यांचा इतिहास पाण्याने बदललेला आहे. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, भीमेचे दोन्ही काठ जलाशयात गेले, पळसदेवासारखी जुनी गावे उठून नव्या गावठाणांत बसली, आणि ज्या गावांच्या सोयरिकी पूर्वी नदीच्या उतारावरून पायी चालत जुळत होत्या, त्यांच्यामध्ये दृष्टी पोचणार नाही एवढे पाणी उभे राहिले. पळसदेवाचे प्राचीन मंदिर ज्या उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते, त्याच उन्हाळ्यात, म्हणजे वैशाखात, लग्नांची दाटी असते. पलीकडच्या तीरावरील मामा, आत्या, मावश्या आजही निमंत्रणाच्या यादीत वरच्या बाजूस असतात आणि रस्त्याने येण्याचा वळसा मोठा असल्यामुळे होडीने येण्याचा मोह त्यांना होतोच. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा अंत झाला. त्यानंतर, वऱ्हाड कोणत्या मार्गाने येणार, किती गाड्यांतून येणार आणि किती वाजता निघणार, हे मी लेखी घेतल्यावाचून राहत नाही. डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल मोठ्या बसगाड्यांसाठी धरून चालू नये, हेही त्याच वेळी सांगतो. कुंभारगावाच्या काठी रोहित पक्ष्यांच्या पार्श्वभूमीवर विवाहपूर्व छायाचित्रे काढण्याची हौस आता खेड्यापाड्यांत पोचली आहे. त्या हौसेला माझी हरकत नाही, परंतु जीवरक्षक जाकीट अंगात नसेल तर वधूवरांनी होडीत पाऊल ठेवू नये. छायाचित्रात जाकीट बरे दिसत नाही, ही सबब ऐकून घेण्याजोगी नाही.

या टापूत मी विवाहसंयोजनाचे काम करतो. 'लग्नाचे बघणारे' एवढीच माझी गावात ओळख आहे आणि ती यथार्थ आहे. पूर्वी हे बघण्याचे काम भावकी करीत असे. चुलते मांडवाचे पाहत, मामा वाजंत्र्यांचे पाहत, गावातील दहा-वीस तरुण कमरेला उपरणे बांधून पंगती वाढीत, आणि कोठीघराची किल्ली घरातील सर्वांत काटेकोर अशा एखाद्या आत्याबाईंच्या कनवटीला असे. आता चुलते पुण्यात चाकरीला, मामा चाकणच्या कारखान्यात, तरुण परीक्षांच्या अभ्यासिकांत. आणि जे काम नात्याने होत असे ते पैसे देऊन करून घेण्याची पाळी आलेली आहे. याबद्दल खेद करीत बसण्यापेक्षा, नात्याने होत असलेल्या कामातील शिस्त पैसे देऊन केलेल्या कामात कशी आणावी, याचा विचार करणे मला अधिक उपयोगाचे वाटते. या विचाराचा आरंभ मंडपात होत नाही, कार्यालयात होत नाही, तर लग्नाच्या यादीत होतो.

सुपारी फुटण्याच्या बैठकीत ही याद कशी लिहिली जाते ते ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. ओसरीवर सतरंजी अंथरलेली, एका बाजूस मुलाकडचे, समोर मुलीकडचे, मध्ये मध्यस्थ, आणि अक्षर चांगले म्हणून पुढे बसविलेला एखादा शिक्षक. रेघांचा लांब कागद, त्याच्या चारही कोपऱ्यांना हळद-कुंकवाची बोटे, शिरोभागी कुलदैवताचे नाव; मग मध्ये उभी रेघ ओढून डावीकडे वरपक्षाने करावयाच्या बाबी आणि उजवीकडे वधूपक्षाने करावयाच्या. मंगळसूत्र, जोडवी, शालू, हळदीची साडी डावीकडे; वराचा पोशाख, अंगठी, भांडी, जेवण, मंडप, कार्यालय उजवीकडे. दोन प्रती होतात, दोन्हीकडील वडीलधाऱ्यांच्या आणि मध्यस्थांच्या सह्या होतात, नारळ दिला जातो आणि पेढा वाटला जातो. बैठक आटोपली म्हणून सर्वजण उठतात. आणि पुढील चार महिन्यांत जेवढे रुसवेफुगवे, जेवढे दूरध्वनीवरचे कडवट बोलणे, जेवढे ऐन मांडवातले ताणतणाव निर्माण होतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ त्या कागदावर जे लिहिले गेले त्यात नसते, तर जे लिहावयाचे राहिले त्यात असते.

जेवण वधूपक्षाकडे, एवढेच लिहिलेले असते. किती माणसांचे, हे कोणी लिहीत नाही, कारण पाहुण्यांना आकडा विचारणे हा त्यांचा उपमर्द समजला जातो. मग 'आमची पाचशे माणसे' असे तोंडी सांगितले जाते आणि मांडवात बाराशे उतरतात. मानपान रीतीप्रमाणे, असे लिहिलेले असते; परंतु बारामतीच्या जिराईत पट्ट्यातील रीत आणि करमाळ्याची रीत यांत अंतर असते, आणि टॉवेल-टोपीचे मानकरी किती, फेटे किती, कोणाला पूर्ण पोशाख, हे त्या एका शब्दाखाली झाकून राहते. बस्ता बारामतीला बांधावयाचा एवढे ठरते. बस्त्याला दोन्ही बाजूंनी किती माणसे जाणार, त्यांच्या गाडीभाड्याचा आणि जेवणाचा भार कोणावर, हे ठरत नाही, आणि चाळीस माणसे दुकानाच्या गादीवर बसल्यावर जो खर्च वाढतो तो मुलीच्या बापाने मुकाट्याने सोसावयाचा असतो. म्हणून काम स्वीकारताना माझी पहिली अट अशी असते की बैठकीला मला बोलवावे आणि यादीत जेवणाऱ्यांची दोन्हीकडील संख्या, मानकऱ्यांची नावे, विवाहविधी सुरू होण्याची वेळ, आणि प्रत्येक बाबीपुढे तिचा खर्च कोण करणार हे लिहिले जावे. आरंभी लोकांना हा कागद फार रोखठोक वाटतो. परंतु ज्या घरात पहिल्या मुलीच्या लग्नात हे लिहिले गेले, त्या घरातून दुसऱ्या मुलीच्या वेळी याद लिहिण्याआधी निरोप येतो, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक कागद मी आग्रहाने करवून घेतो, आणि तो कायद्याने सांगितलेला असूनही आमच्या भागात क्वचितच कोणास ठाऊक असतो. हुंडा प्रतिबंधक अधिनियम १९६१ सालचा; त्याखालील १९८५च्या नियमांनुसार विवाहात वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या दोन स्वतंत्र याद्या ठेवावयाच्या असतात, त्यांत वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि त्याचे नाते नमूद करावयाचे असते, आणि त्यांवर वधूवर दोघांच्या सह्या घ्यावयाच्या असतात. आहेराची वही आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली जाते आणि ती परतफेडीच्या हिशेबासाठी जपूनही ठेवली जाते. त्याच वहीत ही दोन पाने वाढवावयाची आहेत. पुढे दुर्दैवाने संसारात बेबनाव झाला तर मुलीच्या अंगावरचे सोने कोणाचे, याचा निवाडा करावयास तिच्याजवळ एक स्वाक्षरित कागद असतो. सोन्याचा दर १० ग्रॅमला लाखाच्या पलीकडे गेलेल्या दिवसांत या कागदाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

हुंड्याविषयी बोलावयाचे तर स्पष्टच बोलले पाहिजे. रोख रक्कम ताटात ठेवण्याची चाल आमच्या भागात उघडपणे आता फारशी दिसत नाही. तिच्या जागी एक गोड वाक्य आलेले आहे: 'आम्हाला हुंडा नको, मुलगी आणि नारळ द्या, फक्त लग्न तेवढे आमच्या मानाने करून द्या.' या 'फक्त'मध्ये महामार्गावरचे मोठे कार्यालय येते, दीड-दोन हजार माणसांचे जेवण येते, फुलांचे व्यासपीठ येते, आकाशातून चित्रण करणारे ड्रोन येते, आणि पुष्कळदा दारात उभी करावयाची मोटारही येते. जो खर्च दोन्ही कुटुंबांच्या आनंदाचा म्हणून सांगितला जातो तो एकाच कुटुंबाच्या सातबाऱ्यावर चढतो, तेव्हा त्याला हुंड्याखेरीज दुसरे नाव देण्यास माझे मन तयार होत नाही. कायद्याने हुंडा देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास, दोघांसही, किमान ५ वर्षांच्या कारावासाची शिक्षा सांगितली आहे, आणि विवाहासंबंधात मागून घेतलेली मौल्यवान वस्तू कोणत्या गोंडस नावाने घेतली याने तिचे स्वरूप पालटत नाही. २०२५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील एका तरुण विवाहितेच्या मृत्यूने आणि त्यामागे आलेल्या छळाच्या आरोपांनी सारा महाराष्ट्र हादरला; त्यानंतर मराठा समाजाच्या बैठकांतून विवाहाची एक आचारसंहिता पुढे आली, तीत पाहुण्यांची संख्या शे-दोनशेपर्यंत मर्यादित ठेवावी, डीजे लावू नये, विवाहपूर्व चित्रणाचे जाहीर प्रदर्शन करू नये, कर्ज काढून लग्न करू नये, अशी कलमे होती. त्या आचारसंहितेचे पालन करणारी लग्ने मी पाहिली आहेत आणि तिची प्रत खिशात ठेवून हजार पाने उठविणारीही पाहिली आहेत. तरीही अशी संहिता निघाली याला मी किंमत देतो, कारण ज्या मुलीच्या बापाला 'आमची ऐपत नाही' असे म्हणण्याची लाज वाटत होती, त्याला 'समाजाने असे ठरविले आहे' असे म्हणण्याची सोय तिने करून दिली.

लग्न आणि कर्ज यांच्या संबंधाची चर्चा आमच्या मुलखात नवी नाही. येथून जवळच, बारामती तालुक्यातील सुपे या गावी, १२ मे १८७५ रोजी बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरे ताब्यात घेऊन कर्जखते जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. त्या दंग्यांच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगापुढे, कुणबी लग्नात उधळपट्टी करतो म्हणून कर्जबाजारी होतो, हे त्या काळच्या अंमलदारांचे आवडते मत होतेच. परंतु आयोगाने तपासाअंती असा निष्कर्ष काढला की लग्नखर्चाला कर्जाचे कारण म्हणून वाजवीपेक्षा अधिक प्राधान्य दिले गेले आहे, असे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात, आणि एवढा आनंद त्या माणसाच्या वाट्याला यावयास हरकत नाही. गोऱ्या साहेबांच्या अहवालातील हे न्यायबुद्धीचे वाक्य मला फार मोलाचे वाटते. शेतकऱ्याच्या घरी मंगलकार्य निघाले की त्याला काटकसरीचे पाठ देणारी माणसे स्वतःच्या घरचे कार्य कसे करतात, हे मला व्यवसायामुळे पाहावयास मिळते. त्यामुळे गरिबाच्या हौसेवर बोट ठेवण्याचा अधिकार मी कोणासही सहजासहजी देणार नाही. मात्र १८७५चा कुणबी जे लग्न करीत होता ते गावच्या मांडवात, गावच्या धान्यावर, गावच्या हातांनी होत होते. आज त्याच घरातील लग्नाला पतसंस्थेचे कर्ज, सोनाराची उधारी आणि सोसायटीच्या पीककर्जातून वळविलेली रक्कम लागते. गाडगे महाराज कीर्तनातून कर्ज काढून लग्न न करण्याविषयी जन्मभर कळवळून सांगत राहिले. अहवालातील औदार्य आणि महाराजांचा कळवळा यांत मला विरोध दिसत नाही: हौस करावी, ती स्वतःच्या पैशाने करावी, आणि दोन्ही घरांनी मिळून करावी.

उसाच्या पट्ट्यात पैसा हाती येण्याचा काळ ठरलेला असतो. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात. ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत पहिले देयक द्यावे असा १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक असला, तरी तोडणीची पाळी माघात येणार की फाल्गुनात हे शेतकऱ्याच्या हाती नसते. म्हणून ज्या घराचा ऊस उशिरा तुटणार आहे त्या घराने मार्गशीर्षातला मुहूर्त धरू नये, असे मी सांगतो. मार्गशीर्षात लग्न आणि चैत्रात उसाचे देयक, या मधल्या चार महिन्यांचे व्याज हा लग्नखर्चातला सर्वांत निरर्थक खर्च होय.

आता स्वयंपाकाकडे वळतो, कारण लग्नाची कीर्ती अथवा अपकीर्ती अखेर तेथेच ठरते. आचाऱ्याशी व्यवहार दोन प्रकारांनी होतो: साहित्य आपले आणि मजुरी त्याची, किंवा ताटाच्या दराने सर्व काही त्याच्यावर. पहिल्या प्रकारात पदार्थ चांगला होतो, परंतु कोठीवर घरचे विश्वासू माणूस बसवावे लागते. दुसऱ्यात निर्धास्तपणा असतो, परंतु ताटे मोजण्याची व्यवस्था नसेल तर वादाला आमंत्रण असते. माझी रीत साधी आहे. पत्रावळी अथवा ताटे सकाळी दोन्हीकडच्या एकेका माणसादेखत मोजून द्यावयाची, आणि शेवटची पंगत उठल्यावर शिल्लक मोजून घ्यावयाची. वजाबाकी होईल तो आकडा खरा. शंभर पानांना आठ ते नऊ किलो तांदूळ, आमटीला तीन किलो तूरडाळ आणि पंधरा-वीस लिटर मठ्ठा, हा आमच्याकडचा सर्वसाधारण अंदाज. वैशाखात भात एक किलोने कमी घ्यावा आणि मठ्ठा पाच लिटरांनी वाढवावा. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरांचा एक जार उन्हाळ्यात वीस माणसांनाच पुरतो, हे गृहीत धरावे. हात धुण्याचे आणि भांड्यांचे पाणी टँकरचे, आणि त्या टँकरचे पैसे कार्यालयाच्या भाड्यात आहेत की वेगळे, हे आधी विचारावे.

पाहुण्यांच्या संख्येचा अंदाज बांधताना पंचांग जवळ असावे. ज्या दिवशी तिथी दाट असते, म्हणजे एकाच दिवशी पंचक्रोशीत दहा-वीस लग्ने असतात, त्या दिवशी माणूस तीन मांडवांत अक्षता टाकतो आणि एकाच ठिकाणी जेवतो. त्या दिवशी निमंत्रितांपैकी जेवणारे पुष्कळ कमी धरावेत. ज्या तिथीला परिसरात आपलेच एक लग्न असते, त्या दिवशी सगळे येतात, सहकुटुंब येतात आणि सावकाश जेवतात. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे एकीकडे बुंदीची घमेली उरलेली आणि दुसरीकडे तिसऱ्या पंगतीला नुसता भात वाढलेला मी पाहिला आहे. पंगत संपत आली असताना पदार्थ सरल्याची खबर आचाऱ्याकडून यजमानाला जाते तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जी अवकळा येते, ती पाहिल्यावर, नव्वद पाने उरली तरी चालतील पण नऊ कमी पडू नयेत, असे मलाही वाटते. उरलेल्या अन्नाची तजवीज मात्र आदल्या दिवशीच करून ठेवावी: ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या जवळच असतात, एखादे वसतिगृह असते, त्यांच्या मुकादमाला किंवा अधीक्षकांना आधी कळवून, अन्न ऊन असतानाच झाकलेल्या भांड्यातून पोचवावे. रात्री नऊ वाजता आंबत चाललेले पिंप कोणाच्या दारात नेऊन ठेवणे याला दान म्हणता येत नाही.

अक्षतांविषयीही येथेच सांगून टाकतो. मूठभर तांदूळ म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅम. दोन हजार माणसांच्या हाती दिले तर पन्नास किलोंहून अधिक, म्हणजे साडेपाचशे पानांचा भात, रंगवून पायदळी जातो. वधूवरांवर पहिल्या रांगेतील वडीलधाऱ्यांनी तांदळाच्या अक्षता टाकाव्यात आणि बाकीच्यांच्या हाती फुलांच्या पाकळ्या द्याव्यात, हा तोडगा आता बहुतेक घरे मान्य करतात. मागे बसलेल्यांच्या अक्षता तशाही वधूवरांपर्यंत पोचत नाहीत, त्या पुढे बसलेल्यांच्या डोक्यावर पडतात.

वेळेविषयी लिहिताना माझी लेखणी थोडी कठोर होते. आमच्याकडचे मुहूर्त बहुधा दुपारी साडेबाराच्या आगेमागे किंवा सायंकाळी गोरज वेळेस असतात. पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटे छापलेली असतात. घड्याळात दोन वाजतात तरी परण्या मारुतीच्या पारावरून निघालेला नसतो, आणि निघाला तर डीजेपुढे नाचणाऱ्या मित्रांनी वाटेत अडविलेला असतो. तो आला की व्यासपीठावरचा निवेदक ध्वनिक्षेपक हाती घेतो आणि आजी-माजी पदाधिकारी, कारखान्याचे संचालक, बाजार समितीचे सदस्य, निरनिराळ्या गावांचे सरपंच यांची नामावळी सुरू होते. प्रत्येकाला फेटा, प्रत्येकाला शाल, आणि त्यांतील दोघातिघांचे आशीर्वादपर भाषण. एखादा मोठा पुढारी रस्त्यात असल्याचा निरोप येतो आणि मंगलाष्टके त्याच्यासाठी थांबतात. पत्र्याच्या छताखाली, चाळीस अंशांच्या उन्हात, तान्ही मुले घेतलेल्या स्त्रिया, मधुमेहाचे रुग्ण असलेले वृद्ध आणि पहाटेपासून उपाशी असलेली नवरी, हे सर्वजण हाती अक्षता घेऊन बसलेले असतात. ज्यांच्यासाठी हा समारंभ आहे त्यांना तिष्ठत ठेवून, ज्यांना पुढच्या लग्नाला जावयाचे आहे त्यांचा सत्कार करणे, याला शिष्टाचार म्हणता येईल असे मला वाटत नाही. मी यादीत लिहून घेतो की सत्कार विवाहविधीनंतर, भोजनाच्या वेळी, व्यासपीठाच्या बाजूला होतील; आणि पुढाऱ्यांच्या कार्यालयांना मुहूर्ताची वेळ आठवडाभर आधी लेखी कळवितो. हे पत्र गेले की पुष्कळजण वेळेवर येतात, असाही अनुभव आहे. त्यांना उशिराची सवय लावली ती यजमानांनीच.

वरातीच्या ध्वनिवर्धकाविषयी कायदा निःसंदिग्ध आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर तो वाजविता येत नाही. सनई-चौघडा, हलगी, संबळ ही वाद्ये वाजविणारे कसबी कलावंत आमच्या भागात अजून आहेत. त्यांना बयाणा देऊन तारीख धरावी. तरुणांची नाचण्याची हौस हलगीवर अधिक भागते.

विधीच्या संदर्भात एक गोष्ट अशी आहे की जिच्याकडे लक्ष वेधल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, हार घातले जातात, टाळ्या पडतात, आणि सारा मांडव लग्न लागले असे समजून जेवणाकडे धावतो. त्यानंतर रिकाम्या खुर्च्यांसमोर, पुरोहित, वधूवर आणि आईवडील एवढेच उरलेले असताना, लाजाहोम आणि सप्तपदी होते. छायाचित्रकार तेवढ्यात जेवून येतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याचे ७वे कलम मात्र असे सांगते की ज्या पक्षांच्या विवाहविधीत सप्तपदीचा समावेश आहे त्यांचा विवाह सातवे पाऊल पडले की पूर्ण होतो. ज्या क्षणाला कायदा विवाहाची पूर्तता मानतो त्या क्षणाला साक्षी कोणी नसावे, ही मोठीच विसंगती होय. म्हणून दोन्ही घरांतील एकेक जाणते माणूस आणि छायाचित्रकार सप्तपदी होईपर्यंत जेवावयास जाणार नाहीत, असे मी आधीच ठरवून घेतो. २०२४च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विधी न करता केवळ मिळविलेल्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे स्पष्ट केले. परदेशी जाण्याच्या घाईत 'आधी नोंदणी उरकू, विधी सवडीने करू' असे म्हणणारी कुटुंबे आता आमच्याकडेही येतात. त्यांना मी हा निर्णय दाखवितो, आणि विधीच नको असतील तर १९५४च्या विशेष विवाह अधिनियमाखाली ३० दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांसमक्ष विवाह करण्याचा मार्ग सुचवितो. तो मार्ग सर्वस्वी प्रतिष्ठेचा आहे, आणि त्याला पळून जाऊन केलेले लग्न समजण्याची गावाकडची दृष्टी बदलावयास हवी.

विधी कोणत्या पद्धतीने करावा हेही स्वतःच्या विचाराने ठरविता येते. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा यांचा विवाह पुरोहितावाचून लागला. पुढे जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे अशी लग्ने झाली तेव्हा ग्रामजोशांनी आपला वतनी हक्क बुडाला म्हणून फिर्याद केली, आणि तो वाद मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत जाऊन अखेर यजमानाच्या बाजूने सुटला. आपल्या घरचे लग्न कोणाकरवी लावावे हे ठरविण्याचा आपला अधिकार याच पुणे जिल्ह्यातील माणसांनी झगडून मिळविलेला आहे. आजही काही घरे सत्यशोधक पद्धतीने, काही बौद्ध पद्धतीने, तर काही ज्ञान प्रबोधिनीच्या पोथीप्रमाणे, प्रत्येक मंत्राचा मराठीत अर्थ सांगून विवाह करतात; प्रबोधिनीने प्रशिक्षित केलेल्या स्त्री-पुरोहितांच्या तोंडून सप्तपदीचा अर्थ ऐकताना सासर-माहेरची माणसे जेवण विसरून थांबतात, हे मी पाहिले आहे.

लग्नानंतरची नोंदणी महाराष्ट्रात १९९८च्या अधिनियमाप्रमाणे होते. खेड्यात पूर्वीचे ग्रामसेवक, आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच विवाह निबंधक असतात. वधूवर, तीन साक्षीदार आणि विवाह लावणारे यांच्या सह्यांचा अर्ज ९० दिवसांच्या आत द्यावा. साक्षीदार पुण्या-मुंबईचे असतील तर त्यांच्या सह्या मांडवातच घेऊन ठेवाव्यात, कारण पुढे त्यांना गोळा करणे कठीण जाते. हेच अधिकारी बालविवाह प्रतिबंधाचेही अधिकारी असतात. मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण असल्याचा शाळेचा दाखला माझ्या हाती आल्याखेरीज मी कोणतेही काम घेत नाही, मग ओळख कितीही जुनी असो.

अलीकडे या व्यवसायात एक वेगळीच चिंता शिरली आहे. शेती करणाऱ्या मुलांना मुली मिळत नाहीत. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात तर अविवाहित तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. या अगतिकतेचा फायदा घेणारे दलाल निघाले आहेत. ते परमुलखातील मुलगी दाखवितात, लाख-दोन लाख घेतात, चार दिवसांत 'यादीवरच लग्न उरकू' म्हणून घाई करतात, आणि आठवडाभरात मुलगीही जाते आणि दागिनेही जातात. मुलीचे आधारपत्र, तिच्या गावच्या पोलीस पाटलांचा जबाब आणि तिच्या आईवडिलांची समक्ष भेट यांवाचून कोणतीही सोयरीक पक्की करू नये. याच टंचाईचा दुसरा परिणाम असा की काही बैठकींत आता मुलीकडचे निर्धास्तपणे बोलू लागले आहेत आणि खर्च निम्मा-निम्मा करण्याचे कलम यादीत येऊ लागले आहे. हा पालट न्यायबुद्धीने आला असता तर अधिक बरे वाटले असते. परंतु तो आलेला आहे, आणि मी त्याचे स्वागत करतो.

गेल्या हंगामातील एका बैठकीचा वृत्तान्त सांगतो. कुटुंब धरणग्रस्त, पुनर्वसित गावठाणातले. मुलगी परिचारिका, मुलगा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. याद लिहून होत आली तेव्हा मुलगी आतून आली, आईच्या शेजारी बसली आणि भावी सासऱ्यांना म्हणाली, "मामा, जेवणापुढं चौदाशे लिहिलंय ते चारशे करा. वडिलांनी रान तारण ठेवायचं ठरवलंय, ते मला मान्य नाही." बैठकीत क्षणभर सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. मुलाच्या आजोबांनी शिक्षकांच्या हातून कागद घेतला, तो आकडा खोडला, बाजूला आपली सही केली आणि 'आमची दोनशे, तुमची दोनशे' एवढेच बोलून कागद पुढे सरकविला. लग्न मुलीच्या दारात मांडव घालून झाले. शाक-भाजी, लापशी, भात-आमटी आणि मठ्ठा असा बेत होता, दोन्हीकडच्या तरुणांनी पंगती वाढल्या, ४१२ पाने उठली, आणि मुहूर्ताला सात मिनिटांचा उशीर झाला.

तुळशीचे लग्न जवळ आले की पंचांगे उघडली जातात. ज्यांच्या घरी या वर्षी कार्य आहे त्यांनी कार्यालयाचा बयाणा देण्यापूर्वी आधी जेवणाऱ्यांचा आकडा पक्का करावा, कारण आकड्यावरून कार्यालय निवडावयाचे असते, कार्यालयावरून आकडा नव्हे. बयाण्याची पावती घ्यावी, तीवर तारीख, वेळ, जनरेटर, पाणी आणि तारीख बदलल्यास परतावा यांची नोंद करून घ्यावी. अवकाळी पाऊस चैत्र-वैशाखात हमखास एक-दोनदा गाठतो, तेव्हा मंडपवाल्याकडून जलरोधक छताचे लेखी घ्यावे. आणि बैठकीला बसताना मुलीला ओसरीवर, आपल्या शेजारी बसवावे.